केळीच्या चिकाचा डाग

परवा अर्धापूरजवळच्या एका बागेत लेखापरीक्षणासाठी गेले होते. नुकत्याच उतरवलेल्या घडाच्या दांड्यातून चीक टपकला, नेमका माझ्या बाहीवर. "मॅडम, हा डाग जायचा न्हाई," बागेचे मालक ओशाळून म्हणाले. त्या तुरट वासासरशी मी मनानं थेट लातूरच्या सीएच्या क्लासमध्ये जाऊन बसले.

सर आंतरराष्ट्रीय लेखा मानकं शिकवत होते. जे झाड वर्षानुवर्षं फळ देतं, ते हिशोबात यंत्रासारखं धरायचं, असं सांगून त्यांनी फळ्यावर आंब्याखाली केळ लिहिली. मग विचारलं, "केळीची बाग कुणी पाहिलीय?"

मी पाहिली होती. आमच्या बागेत एक घड उतरला की बाबा ते खोड तोडून टाकत; पुढचा घड बुंध्याशी फुटलेल्या नव्या कोंबाला, पिलाला. ते खोड पुन्हा फळत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. मग ते यंत्रासारखं कसं धरायचं? पण हात वर केला असता, तर बाहीवरचे चिकाचे काळे डाग अख्ख्या वर्गाला दिसले असते. सरांची नजर एकेक बाक ओलांडत माझ्याकडे येत होती.

"बाहीला काय गं हे?" शेजारची कुजबुजली.

"शाई हाय," म्हणत मी हात बाकाखाली घेतला.

नजर पुढे सरकली. सगळ्यांनी फळ्यावरचं उतरवून घेतलं. मीही.

परवा मालक डागासाठी रॉकेल शोधायला निघाले.

"राहू द्या," मी म्हटलं. "शाई न्हाई ती. केळीचा चीक हाय."