बाटलीचा घाम

फ्रीझरमधून काढलेली रंगाची बाटली मी आता अर्धा तास टेबलावर तशीच ठेवते. त्या अर्ध्या तासात माझ्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही. तिथे कोणी नसतं, हे मला माहीत आहे.

लोणावळ्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत मी आरएनए बनवते. यंत्र एकेक दुवा जोडत साखळी तयार करतं. शेवटच्या दुव्यात बदल करून मी एक आकडी ठेवते आणि तिला चमकणारा रंग अडकवते, म्हणजे साखळी पेशीत कुठे जाते ते दिसतं. उघडं बोट लागलं तरी आरएनएचा चुरा होतो.

भांडी धुणाऱ्या मावशी जवळच्या कान्हे गावाहून यायच्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हात लावला की मरतंय? लय लाडाचं दिसतंय तुमचं!"

एका पावसाळी सकाळी मी घाईत होते. बाटली काढली आणि लगेच उघडली. मावशी मागून म्हणाल्या, "म्याडम, बाटलीला घाम आलाय."

"येऊ दे. तुम्ही भांडी बघा."

दुपारी नमुना जेलवर, साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या थरावर, चालवला. साखळी थांबायला हवी तिथे अंधार. सगळा उजेड तळाशी, जिथे चुरा वाहून जातो. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशींनी भांड्यांना उघडे हात लावलेत."

"न्हाई ओ म्याडम, हातमोजं घातलं व्हतं."

मी साहेबांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात मावशींना कामावरून काढलं.

काही महिन्यांनी त्या दिवशीचा उरलेला नमुना सापडला. या वेळी मी जेलवर आरएनए दाखवणारं द्रावण टाकलं. साखळी अख्खी होती, आपल्या जागी. गार बाटली उघडल्यावर आत ओल शिरली होती. रंग चमकत होता, पण ओलीमुळे साखळीला अडकलाच नव्हता. तळाचा उजेड चुऱ्याचा नव्हताच, नुसत्या मोकळ्या रंगाचा होता.

मी कान्ह्याला गेले. मावशींनी चहा आणला, कपाला पदर गुंडाळून.

"फार गरम आहे का?"

"न्हाई. तवापासनं उघडा हात न लावायची सवय लागली. नातीला बी असंच देते."

मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही. कामावर परत या म्हटलं.

"म्हंजे घामच व्हता तर," त्या म्हणाल्या. "न्हाई, आता नको काम. अजून घ्या थोडा."

दुसरा कप आणला. तोही पदरातच.