ओब्दुलियाचा मागचा बाक

ओब्दुलिया माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. जन्मापासून बहिरी. गल्लीतल्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उलटून शिवून देते, आणि गल्लीतली एकही भानगड तिच्या नजरेतून सुटत नाही. बहिऱ्यांची शाळा असते हे आमच्या गावाला कळलं तेव्हा बाई पन्नाशीच्या झाल्या होत्या. तिच्या खुणा तिने आणि तिच्या आईने घरातच घडवलेल्या. आई गेल्यावर त्या समजणारा जगात मी एकटा उरलो. काय नशीब बघा बिचारीचं.

क्युबातल्या मातान्सास शहराच्या बाहेर आमचं छोटं चर्च आहे. सगळीकडे फरशी, फक्त मागच्या कोपऱ्यात, पायपेटीखाली, जुन्या लाकडी फळ्या. तिथला शेवटचा बाक ओब्दुलियाचा. चपला काढून ती तळवे फळ्यांवर टेकायची आणि डोळे मिटायची. पेटीचे खर्जातले सूर तिच्या टाचांतून वर चढायचे. चाळीस वर्षं तिने उपासना केली ती पायांनी.

मग चर्चच्या नव्या धर्मगुरू, पास्तोरा मिरेइदा आल्या. भल्या बाई, आणि तेच संकट. उपासना सगळ्यांनी मिळून करायची, कुणी मागे राहायचं नाही, म्हणून त्यांनी बाक हलवून खुर्च्यांचं रिंगण केलं आणि ओब्दुलियाला हाताला धरून पुढे, फरशीवर, आपल्याशेजारी बसवलं. हवानाहून खुणांच्या भाषेचं पुस्तक आणवलं. हे हिला समजेल ना, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी थट्टेत म्हणून गेलो, हिला सगळं समजतं.

तीन महिने मंडळी दर बुधवारी हातवारे घोकत होती. ओब्दुलियाला त्यातलं ओ की ठो कळेना. रविवारी चाळीस माणसं तिच्याकडे बघून हात नाचवणार आणि ती मान डोलावणार. डोळे मिटले की कुणीतरी प्रेमाने गुडघा थोपटून जागं करणार. घरी येऊन बाई मानेला मलम चोळायची. जाऊ नकोस, मी खुणेने म्हटलं. तिने हातातल्या सुईने गल्लीतलं एकेक घर दाखवलं. एवढ्या जणांनी माझ्यासाठी कष्ट घेतले, आता नाही कशी म्हणू?

एका रविवारी प्रार्थना सांगायची पाळी तिची आली. तिने हाताने सांगायचं, बाकीच्यांनी तसंच करायचं. ती उभी राहिली आणि माझ्याकडे बघून आमच्या खुणांत म्हणाली, मला सोडा, मागे जाऊ द्या. मंडळींनी मोठ्या भक्तिभावाने तेच केलं. तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा केलं.

पास्तोरांचे डोळे भरून आले. "एव्हेलियो, काय मागितलं रे तिने? सांग सगळ्यांना."

"मागच्या बाकावर जायचंय तिला," मी म्हणालो. "तुमच्या खुणा तिला येतच नाहीत, बाई. समजतं म्हणालो ती माझी चूक."

पास्तोरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "तिला हवं तिथेच बसेल ती."

पुढच्या रविवारी गेलो तर अख्खं रिंगणच मागे आलेलं. फळ्यांवर दाटीवाटीने चाळीस खुर्च्या, मधोमध ओब्दुलियाचा बाक. पेटी सुरू झाली तसे सगळ्यांचे बूट ताल धरू लागले. ओब्दुलियाने तळवे टेकले, उचलले, पुन्हा टेकले. त्या दणदणाटात तिला पेटी सापडेना.

आता तुझ्याच खुणा आम्हाला शिकव, असं पास्तोरांनी माझ्याकडून तिला सांगवलं. ओब्दुलियाने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि एक खूण केली. तिचा अर्थ इथे लिहिण्याजोगा नाही. चाळीस जणांनी ती मन लावून गिरवली. मग ती खाली बसली, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी तिचे हात मायेने घट्ट धरून ठेवले.