सुलोचनाच्या लेकीच्या घराखालचं पाणी

शेजारच्या सुलोचनाने लेकीच्या बोअरचं पाणी आणलं. आज ते चहाला वापरलं आणि दूध फाटलं, म्हणून हे लिहावं लागलं.

लेक आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडे दिलेली. सहावा महिना. पाणी खारट लागतं म्हणाली, तर सासूने डोहाळ्यांवर ढकललं.

"बाई, समुद्र तिथून लई लांब हाय," सुलोचना म्हणाली.

लांब नाही, खाली आहे. नदीच्या गाळाने समुद्र मागे सरला, पण त्याचं पाणी जमिनीखाली राहिलं. वरचं गोडं पाणी उपसलं, की हजारो वर्षं अंधारात साचलेलं ते खारं पाणी हळूहळू वर चढतं.

"म्हंजी पोरगी समुद्रावर झोपून राहिली?"

हो.

तुमच्या कुणाची लेक तिकडे आहे? पाण्याची चव विचारलीत?

लेकीकडे निघालेल्या सुलोचनाच्या हाती दिलं: आमच्या आडाच्या गोड्या पाण्याचा कॅन एक, विहीणबाईंना पत्र एक, 'खाऱ्या पाण्याने गरोदरपणी रक्तदाब वाढतो, सूनबाईंना माहेरी आत्ताच पाठवा.'