दलियासाठी आलेली बाई

बहात्तरच्या दुष्काळात मी निलंग्याजवळच्या एका गावात शाळेत शिकवत होते. बाप्तिस्मा मागणाऱ्या नव्या लोकांना रविवारी शिकवायचं आणि ते तयार झालेत का हे चर्चच्या पाळकसाहेबांना सांगायचं, हेही काम माझ्याकडे होतं. त्या साली आमच्या चर्चच्या ओसरीवर दलिया आणि दुधाची पावडर वाटत. गावातले लोक म्हणायचे, धान्य दाखवून माणसं बाटवतात. मला राग यायचा. पण नव्या चेहऱ्यांकडे मीही त्याच नजरेनं बघत होते.

खडी फोडायच्या कामावरची एक विधवा पाच-सहा वर्षांच्या लेकीला घेऊन यायला लागली. महिनाभरानं म्हणाली, "मला बी बाप्तिस्मा घ्यायचाय."

मी पाळकसाहेबांना सांगितलं, "ही पोटासाठी आलीय."

"आली असेल. देव भुकेच्या वाटेनंही आणतो. तारण देवाच्या कृपेनं होतं, बाई."

"मग माणसाच्या इच्छेला काही अर्थच नाही? पाऊस पडला की ही जाईल. जिनं स्वतः ठरवलं नाही, तिचा विश्वास कसला?"

"ठरवायचं बळ तरी कोण देतं?"

असा वाद कितीतरी संध्याकाळी चालला. त्यांच्या पत्नी चहा ठेवून आत जायच्या. दोघंही हटलो नाही. पण माझ्या होकाराशिवाय ते बाप्तिस्मा देत नसत, आणि मी होकार देत नव्हते.

शेवटी मी त्या बाईला सांगितलं, "बाप्तिस्म्याला नाव दिलं की दलिया, दूध बंद. नियमच आहे." असा काही नियम नव्हता.

"बरं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी पातेलं न घेता आली. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. माझा संशय वाढला. हिला खरं कुणी सांगितलं असेल का? दोन महिन्यांनी शाळा सुटल्यावर मी तिच्या कामावरच गेले. ती बोटाला चिंधी गुंडाळून खडी फोडत होती. मी सरळच विचारलं, "तू कशासाठी येतेस?"

"खरं सांगू बाई? दलियासाठीच आल्ते. पहिल्या बारीला तर तुमचं बोलणं ऐकलं बी न्हाई. आता दलिया न्हाई तरी पाय तिकडंच वळतेत. का, ते मला न्हाई ठावं." हातोडा खाली ठेवून तिनं विचारलं, "तुमी कसं ठरवलं वो बाई?"

माझा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर, तीन महिन्यांची असताना झालेला. "आमचं घराणंच ख्रिस्ती," मी म्हणाले.

"म्हंजे तुमाला बी कुणीतरी आणलंच की."

ती चिडवत नव्हती. तरी मला झोंबलं. पाळकसाहेबांना मी एवढंच सांगितलं, "अजून एक वर्ष थांबू." थोड्याच दिवसांत ते काम बंद झालं आणि ती भावाकडे हैदराबादला निघून गेली.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि माझी बदली लातूरला झाली. तिथल्या चर्चमध्ये पहिल्याच रविवारी ती दिसली. तिनंच ओळखलं, माझे हात धरले. हैदराबादला बाप्तिस्मा झाला, मग लेकीला घेऊन इकडं परत आले, म्हणाली. आणि मी विचारलं काय, तर, "इथं चर्चमधल्या कुणाकडं कामाला आहेस?"

तिला रोख कळला. "भाजी इकते बाई. कुणाचं फुकट खात न्हाई."

तेव्हा लाज वाटली आणि मी नियमाचं खोटं सांगून टाकलं.

तिनं विचारलं, "खोटं व्हतं त्ये? लेकीचं दूध बंद केलं म्या, बाई. दोन महिने. मला वाटलं, देवच म्हणतोय, सोड." हात सोडून ती आत गेली.

मी पाळकसाहेबांना पत्रात सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: माफी माझी नको, तिची मागा. मी मागितली, चर्चच्या पायरीवर, तिच्या मोठ्या झालेल्या लेकीसमोर. ती माफी मनापासून मागितली की पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मी तिच्याकडं बघायचे तसं.

"बघू," ती म्हणाली.