वैशाखातली गोधडी

गारव्यावर आमच्या घरमालकांइतकी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या श्रद्धेपायी त्यांच्याइतका घामाने निथळलेला माणूस अख्ख्या जळगाव जिल्ह्यात झाला नसावा. सगळे त्यांना नाना म्हणत. ते मूळचे रावेरकडचे, धंद्याने केळीचे व्यापारी. कच्ची केळी पिकवायच्या त्यांच्या खोल्यांत उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या ठेवाव्या लागत, त्यामुळे गारवा हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा साहेबाने वापरून सोडलेली एक पांढरी मोटार विकत घेतली. तिच्यात एसी होता. गल्लीत त्याला ‘एशी’ म्हणत. विकणाऱ्याने तो चालू आहे असे सांगितले होते, आणि ते खरे होते. तो चालत होता. फक्त गार करत नव्हता.

नानांनी ही मोटार मिरवायला घेतली नव्हती. त्यांची थोरली बहीण, अक्का, रावेरजवळच्या गावात राहत असे. आई लवकर गेल्यावर तिनेच नानांना वाढवले. आदल्या उन्हाळ्यात ती एसटीने जळगावला येताना बसमध्येच ऊन लागून पडली आणि सलाइनवर राहिली. डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यात प्रवास बंद केला. इकडे नानांच्या मुलीचे लग्न ठरले, आणि मुहूर्त निघाला तो वैशाखातला. मुलीला पहिली हळद अक्काच्या हातची लागली पाहिजे हा नानांचा हट्ट. अक्काने निरोप पाठवला, ‘‘लगन तुह्या पोरीचं. तिथं माह्या मरनाचा गोंधय कायले?’’ दुसऱ्या आठवड्यात मोटार दारात उभी होती.

त्यानंतरचे दिवस मला झोपेच्या दृष्टीने आठवतात. मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो आणि नानांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. पहाटे येऊन पडावे तर उन्हे चढताच दारावर थाप पडे. ‘‘या, पाच मिनिटं गाडीत बसा.’’ घरातल्या माणसांवर नानांचा विश्वास नव्हता. मुलगी बापाला वाईट वाटू नये म्हणून ‘गार आहे’ म्हणे, आणि काकू, म्हणजे नानांची बायको, गाडीत बसायलाच तयार नसत. ‘‘तुम्ही पेपरवाले. तुम्हाला या बाजूनं बोलायचं नाही की त्या बाजूनं. सांगा, हवा कशी आहे?’’ मी मागच्या सीटवर, काचा बंद, इंजिन चालू. प्रामाणिकपणे सांगे, ‘‘नाना, गरम आहे.’’ ते मान हलवून म्हणत, ‘‘कालच्यापेक्षा?’’ कालच्यापेक्षाही गरम असे. तेवढे बोलून मी माडीवर जाई, पण डोळ्यांवरची झोप गाडीतच राहिलेली असे.

मेकॅनिकवर नानांचा राग नव्हता, पण आजार घरच्याने ओळखावा असे त्यांचे मत होते. बॉनेट उघडून ते नळ्यांना हात लावून बघत. एक नळी तापलेली पाहिजे, दुसरी गार, हे त्यांनी कुठून तरी पक्के करून घेतले होते. गॅस कुठून गळतो ते पाहायला साबणाचा फेस जोडांना फासायचा, बुडबुडा आला की तिथे गळती. या कामाला त्यांनी स्वतःचा दाढीचा ब्रश घेतला. बुडबुडा एकदाही आला नाही, पण ब्रशला ग्रीस लागले ते कायमचे. पुढे लग्नाच्या पत्रिका वाटायला ते खुंट वाढलेल्या गालांनी हिंडले. लोकांना वाटले, मुलगी जाणार म्हणून नानांनी हाय खाल्ली आहे. दोनचार जणांनी त्यांना धीरही दिला, आणि नानांनी तो निमूटपणे घेतला, कारण ब्रशची हकीकत सांगणे त्याहून लांबलचक काम होते.

तापमापकावर त्यांचा भरवसा नव्हता. ‘‘तो पारा आहे. त्याला काय कळतं?’’ त्यांचा भरवसा केळ्यावर. कच्चे केळे जास्त गारठले की सालीवर काळपट झाक येते, हे केळीवाल्यांना पाठ असते. नानांनी कच्च्या केळ्यांची एक फणी आतल्या आरशाला टांगली, एसी लावला आणि गाडी दिवसभर दारात चालू ठेवली. संध्याकाळी फणी काळी पडली होती. नाना ती हातात घेऊन माडीच्या जिन्याशी आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्या शिरपूरकडच्या, आणि घरात माहेरच्या बोलीतच बोलत. फणीला बोट लावून त्या म्हणाल्या, ‘‘ह्या गारठनात नही, भाजाई गयात.’’ फणी गाईला घातली. गाईनेही ती थोडा विचार करूनच खाल्ली.

मग नाना धुळ्याला गेले. तिथे हायवेवर एक जण गॅस भरून देत असे. नवा गॅस भरून ते परत आले ते हॉर्न वाजवत. वाटभर गार हवा आली होती. मला उठवून बसवले. गाडी दारात उभी, इंजिन चालू, आणि हळूहळू तोंडावर तीच ओळखीची ऊब. नाना पुन्हा धुळ्याला गेले. पुन्हा वाटभर गार, दारात गरम. यावर त्यांचा निष्कर्ष असा की गाडीला धुळ्याचे हवापाणी मानवते. हे ते गंभीरपणे म्हणाले. ‘‘पण अक्का धुळ्याला राहत नाही,’’ असेही म्हणाले, आणि बॉनेटवर कोपर टेकून उभे राहिले. खरी अडचण तीच होती. धुळ्याच्या हायवेवर गाडी पळते. रावेरच्या रस्त्याला केळीचे ट्रक आणि ट्रॅक्टर, त्यांच्यामागे गाडी रांगते. रांगताना एसी गरम झाला तर काचा बंद असलेल्या त्या डब्यात अक्काचे एसटीपेक्षा वाईट झाले असते. लग्न आठवड्यावर आले होते. त्या संध्याकाळी नाना पहिल्यांदा म्हणाले, ‘‘नाही जमत हो.’’ मला ऐकायला जड गेले. इतके दिवस मी याच वाक्याची वाट पाहत होतो.

काकूंनी मात्र गाडीचा स्वतःपुरता उपयोग शोधला होता. दिवस वाळवणाचे. लगीनघाईत अंगणात मांडव पडलेला, म्हणून त्यांनी आता उन्हातच सोडून दिलेल्या गाडीच्या बॉनेटवर धोतर पसरून कुरडया घातल्या. ‘‘तुमनी गाडी थंड व्हवो ना व्हवो, मन्या कुरडाया तरी वाळतीन.’’ संध्याकाळी कुरडया काढताना एक पुढच्या जाळीत पडली. ती काढायला काकूंनी बोट घातले, तर कुरडईबरोबर पांढरा पुंजका बाहेर आला. त्यांनी तो ओढला. मागून आणखी आला. ‘‘हाई काय शे? गाडीना पोटमा कापूस?’’

तो कापूसच होता. गाडी उन्हाने तापू नये म्हणून नाना ती इतके दिवस दारालगतच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीच्या सावलीत लावत. गल्लीतली सर्वांत गार जागा तीच. त्या भिंतीवरून रूईचे तंतू सतत उडत. इंजिन चालू असले की गाडीचा पंखा ते आत ओढून घेई, आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी त्यांनी गादीसारखी भरून गेली होती. पळत्या गाडीला वाऱ्याचा जोर मिळे, उभ्या गाडीचा श्वास कोंडे. थोडक्यात, नानांनी गाडीला गार ठेवायला जे केले होते, तेच गाडीला गार होऊ देत नव्हते. नाना पाइप घेऊन आले आणि जाळी धुऊ लागले. काकूंनी ओली रूई गोळा केली. ‘‘वर्षभरन्या वाती व्हतीन,’’ त्या म्हणाल्या. जाळी निथळल्यावर मला मागे बसवले. मी पुढे वाकून हवेच्या झोतात तळहात धरून बसलो, तसे नाना काच ठोठावून म्हणाले, ‘‘काय?’’ मी म्हणालो, ‘‘गार आहे.’’ ‘‘खरं सांगा.’’ ‘‘नाना, गार आहे.’’ त्यांनी बॉनेट हळूच खाली घेतले, झोपलेल्या मुलाच्या खोलीचे दार लोटावे तसे.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही अक्काला आणायला निघालो. साक्षीदार म्हणून मी मागे. अक्का बारीक चणीच्या, बोलायला तिखट. गाडीत बसताना म्हणाल्या, ‘‘मेली तं तुह्या डोक्यावर.’’ निघता निघता दुपार झाली होती. रस्ता वितळल्यासारखा दिसत होता आणि पुढे केळीचा ट्रक. नानांची नजर अर्धी ट्रकवर, अर्धी अक्कावर. सावद्याच्या अलीकडे अक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. ‘‘काय होतं अक्का?’’ नानांचा आवाज बदलला. अक्का म्हणाल्या, ‘‘मले थंडी वाजू राह्यली रे. बंद कर ते.’’

नानांनी बंद केला नाही. ‘‘एकदा बंद केला अक्का, तं परत लागंल का नाही, काय भरोसा?’’ त्यांनी गाडी चालूच ठेवून रस्त्याकडेच्या एका अनोळखी घरासमोर थांबवली, आणि भर उन्हात जाऊन गोधडी मागितली. दारातल्या बाईने गाडीकडे बघून विचारले, ‘‘हिवताप आहे का कोणाले?’’ ‘‘नाही माय,’’ नाना म्हणाले, ‘‘एशी आहे.’’ बाईला काही समजले नाही, पण तिने गोधडी दिली. अक्का ती पांघरून जळगावपर्यंत आल्या. वाटेत एकदाच बोलल्या, ‘‘वैशाखात गोधडी. आपली माय असती तं तुले येडाच म्हनली असती.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘तिले बी बसवलं असतं आपन.’’ नाना ट्रकच्या मागे रांगत राहिले. पुढे जायला रस्ता मोकळा झाला तरी त्यांनी गाडी दामटली नाही.

पहिली हळद अक्काच्या हातची लागली. पुढच्या थंडीत अक्का गेल्या, झोपेत, स्वतःच्या घरी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एसी पुन्हा गरम हवा फेकू लागला. या वेळी नानांनी बॉनेट उघडले नाही. दाढीचा नवा ब्रश आणला आणि तो दाढीलाच वापरला. माझ्या दारावरची थाप थांबली, तरी त्या वेळेला जाग येतच राहिली. सावद्याच्या बाईला त्यांनी नवी गोधडी नेऊन दिली होती. जुनी मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली असे, भर वैशाखातही. गाडीत बसणारा घाम पुसत विचारी, ‘‘नाना, एवढ्या उन्हात गोधडी?’’

‘‘असू द्या,’’ नाना म्हणत. ‘‘आमच्या गाडीत थंडी वाजते.’’

विचारणारा मग माझ्याकडे बघे. मी मान हलवून दुजोरा देई. बातमी जुनी होती, पण चुकीची नव्हती.