शकुनबाईच्या घरचं बाळसं

मूर्तिजापूरला स्टेशनापलीकडच्या वस्तीत कुणाचं लेकरू अंगानं भरलेलं दिसलं, की बाया विचारायच्या, "शकुनबाईकडं ठेवतं काय वं याले?" असा तिचा लौकिक. नवरा किसनराव बाजारात भाजीचं दुकान लावून बसत, पोरी नांदायला गेलेल्या, घर रिकामं. मग कापूस वेचायला, जिनिंगात, दुकानात कामाला जाणाऱ्या बाया महिन्याचे थोडे पैसे देऊन सकाळी आपली लेकरं तिच्या ओट्यावर आणून सोडत. संध्याकाळी पोर परत मिळे ते तोंड धुतलेलं, केस विंचरलेलं, गालावर काजळाची तीट लावलेलं. रडून लाल झालेलं पोर त्या घरून कधी गेलं नाही.

लेकरांना खाऊ घालायची तिची रीत सासूनं शिकवलेली होती. तुरीचं वरण शिजलं की घोटायचं नाही. दाळ खाली बसू द्यायची आणि वर जे पिवळं नितळ पाणी येतं, ते पळीनं अलगद काढून, मिठाची चिमूट टाकून धाकट्यांना पाजायचं. "सत्त्व सारं पाण्यात उतरते," ती सांगायची. "दाळ तं नुसता चोथा. लहान्या पोटाले चोथा झेपत नाई." चोथा घरची मोठी माणसं खात. संध्याकाळी किसनराव उरलेली मेथी, पालक टोपलीभर परत आणत. पण हिरवं खाल्लं की पोराला ढाळ लागतात, म्हणून ते लेकरांच्या ताटात कधी पडलं नाही. सकाळी चहात बुडवलेला टोस, दुपारी वरणाचं पाणी आणि भाताचे दोन घास, मग झोप. यात लबाडी नव्हती की चिकटपणा नव्हता. पोटच्या पोरी जशा वाढवल्या, तशीच ती ही लेकरं वाढवत होती.

आरतीची आकांक्षा, आकू, तिच्याकडे आली तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. आरती कापडाच्या दुकानात कामाला, नवरा गजेंद्र ऑटो चालवणारा. पावसाळ्यात आकूला जुलाब झाले आणि पोरगी अर्धी झाली. शकुनबाई घाबरली. भाताचे दोन घासही तिनं बंद केले. "पोट कच्चं झालं पोरीचं," म्हणाली आणि वरणाचं पाणी तेवढं चालू ठेवलं, घरीही तेवढंच द्यायला आरतीला सांगितलं.

दिवाळीच्या सुमारास आकू भरायला लागली. गाल फुगले, पाय गोल झाले, सँडलचा पट्टा लागेना. पोरगी रडत नव्हती, पाऊल टाकत नव्हती, बसवली तिथं बसून राहायची. अशी गरीब पोरगी शकुनबाईनं पाहिली नव्हती. तिनं फोटो काढून आरतीला पाठवला. आरतीनं तो स्टेटसला ठेवला आणि कुणाची नजर लागेल म्हणून संध्याकाळच्या आत काढूनही टाकला. आकूचे केसही भुरे पडत चालले होते. शेजारची मोनाली एकदा म्हणाली, "आरते, कोण्या इंग्रजाले पाहून आणली वं ही पोरगी? केस पाह्य तिचे!" साऱ्या हसल्या. आरतीही हसली.

अंगणवाडीची ज्योत्स्ना महिन्याला वजनकाटा घेऊन वस्तीत फिरायची. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की शकुनबाई आकूला आतल्या खोलीत निजवायची. भरलेलं पोर काट्यावर ठेवलं की उतरतं, असा तिचा पक्का समज. "झोपली हाये बापा आताच," ती दारातूनच सांगायची. "अन् तोलाचं ते सोयाबीन. लेकरू काहून तोलता तुमी?"

एका दुपारी ज्योत्स्ना काटा न घेताच आली. आकू ओट्यावर उन्हात बसलेली. ज्योत्स्ना तिच्यापुढे उकिडवी बसली, पाय हातात घेतला, पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला तो पडलाच. ओल्या मातीत बोट दाबावं तसा.

"शकुनबाई, हे बाळसं नाही. सूज आहे. पोटात अन्न नाही गेलं, की अंगात पाणी धरते."

"नजर नको लावू वं माह्या पोरीले!"

"काय खाते ही?"

"खाते नं! वाटीभर वरण पिते रोज."

"पिते," ज्योत्स्ना म्हणाली. मग तिथंच उभं राहून तिनं आरतीला फोन लावला. संध्याकाळच्या गाडीनं आरती पोरीला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात गेली.

शकुनबाईनं दुसऱ्या दिवशीही बाकीची लेकरं सांभाळली, पण तिचे हात चालत होते तेवढेच. तिचं पहिलं पोर, देवानंद, दोन वर्षांचा होऊन गेला होता. जायच्या आधी असाच भरला होता. एका लग्नात पाहुण्यांनी त्याला या कडेवरून त्या कडेवर फिरवला होता, गाल ओढले होते, आणि आठवडाभरात पोर गेलं. नजर लागली, सारे म्हणाले. तिनंही तेच धरून आयुष्य काढलं. त्याला न्यायच्या वेळी तिनं त्याच्या पायातला वाळा काढला, तेव्हा कातडीत खोल खाच पडलेली होती. ती चोळत राहिली, खाच बुजेना. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. लपवली म्हणून नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, हे तिला कालपर्यंत ठाऊकच नव्हतं.

तिकडे अकोल्यात औषधानं आणि चमच्या-चमच्याच्या दुधानं आकूची सूज उतरली. सूज उतरली तशी खालची पोरगी वर आली. बरगड्या, गुडघ्यांच्या वाट्या, म्हातारीसारखं तोंड. गजेंद्रची आई मनकर्णाबाई डबा घेऊन भेटायला गेली, ती पाहूनच किंचाळली. "जाताना गाडग्यावानी होती पोरगी, चार दिवसात वाळवली हिले! दूध बी घड्याळ पाहून देऊन राहिले!" नर्सनं समजावलं, डॉक्टरनं समजावलं. म्हातारीनं ऐकलं नाही. आरतीच्याही डोळ्यांपुढे पोरगीच दिसत होती, आधीची आणि आताची. तिनं सासूपुढे मान तुकवली आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोरगी उचलली.

दोघी स्टेशनावरून घरी गेल्याच नाहीत. थेट शकुनबाईच्या ओट्यावर आल्या. पोरं न्यायची वेळ, ओटा बायांनी भरलेला. मनकर्णाबाईनं आकूला शकुनबाईच्या मांडीवर ठेवलं.

"घे वं शकुन. तुह्या हातचं लागते पोरीच्या अंगाले. दवाखान्यानं पाह्य काय हाल केले. कर हिले पयल्यासारखी."

शकुनबाईच्या मांडीवर काही ठेवलंय, असं वजनच लागेना. साऱ्या बाया पाहत होत्या. इतक्या वर्षांत इतकं मोठं नाव तिला कुणी दिलं नव्हतं, तेही डॉक्टरच्या वरचं. नुसतं 'ठेवा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पयल्यासारखी कराले मले काई लागत नाई, मनकर्णाबाई," ती म्हणाली. "पाणी पाजलं की झालं."

"म्हंजे?"

"ते अंग नव्हतं. पाणी होतं. म्या हिले खाऊच नाई घातलं. वरचं पाणी पाजलं. अन् हिलेच नाई, तुमच्या साऱ्यायच्या लेकरायले."

"काहून असं अभद्र बोलून राहिली वं?"

"माहा देवानंद असाच भरला होता," शकुनबाई म्हणाली. मग तिनं मनकर्णाबाईला सोडून आरतीकडे पाहिलं. "आरती, हे हाडं दवाखान्यानं नाई काढले. हे हाडं तवाही होते, सुजेखाली झाकले होते. आता तुही पोरगी खरी दिसून राहिली. अकोल्याची गाडी हाये अजून. जाय तू."

मग मोनालीनं आपल्या पोराचा पाय ओढून उजेडाकडे धरला आणि अंगठा दाबला. तिचं पाहून दुसरीनं दाबला. क्षणात ओट्यावरची प्रत्येक आई खाली वाकून आपल्या लेकराचं पाऊल दाबत होती आणि अंगठा उचलून पाहत होती. पोरं कळवळून रडायला लागली. त्या घरात एवढं रडणं कुणी ऐकलं नव्हतं.

"चेटकीन हाये तू!" मनकर्णाबाई ओरडली. "पैसे घेतले अन् पोट्टे उपाशी ठेवले!" आरतीनं मात्र आकूला मांडीवरून उचललं, पदराखाली घेतलं आणि आल्या पावली स्टेशनाकडे निघाली. म्हातारी तिच्यामागे हाका मारत गेली.

दुसऱ्या दिवशी शकुनबाईचा ओटा रिकामा. त्यानंतर तो भरलाच नाही.

आकू जगली. संक्रांतीच्या आत घरी आली, बारीकच, पण रडणारी, केस ओढणारी, हातातली भाकर हिसकणारी. आरतीची कामावरची रजा संपली, सासूचे गुडघे धरलेले. पोरगी पुढच्या गल्लीतल्या मैनाबाईकडे जायला लागली. वस्तीतली बाकीचीही तिकडेच. शकुनबाईला तेवढं बरं वाटलं, की लेकरं कुठंतरी आहेत.

एकदा किसनरावांचा डबा देऊन परत येताना ती मैनाबाईच्या दारावरून गेली. आत पातेलं उतरवलेलं. दाळ खाली बसलेली, आणि मैनाबाई पळीनं वरचं नितळ पाणी अलगद वाटीत काढत होती. शकुननं पोरं उपाशी ठेवली, एवढंच गावभर झालं होतं. पाण्याचं कुणी ध्यानातच घेतलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं आरतीला रस्त्यात गाठलं. आरती थांबली, पण पातेल्याचं ऐकलं ते तोंड वळवून.

"म्या सांगतलं मैनाबाईले, घट्ट चाराचं म्हणून. हो म्हणते ते."

"हो मीही म्हटलं असतं, आरती."

"काकू, तुमी नका पडू आता यात. मले कामाले जावं लागते. कोणाकडं ठेवू?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शकुनबाई मैनाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"इकडं कुठी वाट चुकली वं?" मैनाबाई दारातून म्हणाली. "माह्या घरी उपाशी ठेवाले पोट्टे नाई."

"वरण घोटून दे त्यायले."

"तू शिकवतं मले? तू?"

"मंग कोण शिकवन? दुसऱ्या कोणाचं पोट्टं गेलं नाई अजून."

मैनाबाई तोंडाला येईल ते बोलली. सवाशिणीला बोलू नये ते बोलली. शेजारच्या दोघी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. शकुनबाई ऐकत राहिली आणि उठली नाही. शेवटी आत रवी आपटल्याचा आवाज आला, पातेलं खडखडलं.

"घोटलं घे! झालं समाधान? आता उठ माह्या ओट्यावरून!"

"पोरायले चार पयले," शकुनबाई म्हणाली. "आकूनं खाल्लं की उठतो."