कल्याणगडावर एकटी

पुतण्याच्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी, मला फिट आली. मला त्यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा भोवती बायकांचे पाय होते आणि कुणीतरी नाकाशी कांदा धरला होता. आमच्या जैनांच्या घरात कांदा येत नाही, त्यामुळे तो मांडवात आला कुठून याचीच चौकशी पुढे बरेच दिवस चालली.

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाले, "गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, पाण्याजवळ आणि उंचीवर जपून. बाकी नेहमीसारखं जगा." घरच्यांनी त्यात स्वतःचे नियम घातले. गॅसपुढं एकटीनं उभं राहायचं नाही. बाथरूमला कडी लावायची नाही. मी आंघोळीला गेले की सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसत आणि मधूनमधून "आहेस ना गं?" विचारत. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं कामगारांशी, गिऱ्हाइकांशी बोलत आले होते. तेही थांबलं. भाजी आणायला निघाले तरी मुलगा गाडी काढायचा.

त्यानंतर फिट आली नाही. दोन वर्षं झाली, तरी घरातला एकही नियम सैल झाला नाही.

तपासणीसाठी आम्ही सांगलीहून रेल्वेनं पुण्याला जायचो. सातारा मागं पडलं की खिडकीतून एक सपाट माथ्याचा डोंगर दिसायचा. एकदा डब्यातल्या बाईंनी सांगितलं, तो कल्याणगड. वर पाण्यानं भरलेली गुहा आहे आणि आत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. तेव्हापासून मी तो डोंगर यायची वाट बघायचे.

शेवटच्या तपासणीनंतर, परतीच्या गाडीत, मी ह्यांना म्हटलं, "मी त्या डोंगरावर जाणार."

"जाऊ की सगळे. दिवाळीनंतर."

"सगळे नाही. एकटी. आणि येत्या रविवारी."

हे हसले. मी चेष्टा करत नाही हे कळल्यावर त्यांनी गाडीतूनच मुलाला फोन लावला. घरी सगळ्यांनी समजावलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, काही झालं तर?" सासूबाईंनी चातुर्मासाचा विषय काढला. पावसाळ्यात डोंगर तुडवला की पायाखाली किडामुंगी मरते. मी म्हटलं, "बघून पाय टाकीन." रविवारी पहाटे गोळी घेतली, दशम्या आणि चटणी बांधली आणि सांगूनसवरून बाहेर पडले. ह्यांनी दार उघडलं नाही आणि अडवलंही नाही.

एसटीनं सातारा आणि तिथून सातारा रोड गाठलं. पुढं वडापच्या जीपनं गडाच्या पायथ्याचं नंदगिरी. उतरले तेव्हा पाऊस तिरका येत होता आणि अंगात कापरं भरेल असा गार वारा सुटला होता. डोंगर अर्ध्यावर ढगात गेला होता. एका घराच्या पडवीत माझ्याच वयाची बाई शेंगा फोडत बसली होती. तिला वाट विचारली.

"एकल्याच निघालाय व्हय?" ती म्हणाली.

"हो."

"मालक कुठं हायत?"

"घरी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुठीतल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "ह्या वाटनं सरळ जावा. पाऊस लय लागला तर थांबा, पळू नका."

वाट चांगली होती, पण माझे पाय दोन वर्षं घरातच बसलेले होते. थोड्या चढाला धाप लागायची. रेनकोटच्या आतून घाम आणि बाहेरून पाऊस, मी दोन्हीकडून भिजले. निम्म्याच्या वर तिघं तरुण उतरताना भेटले.

"काकू, बरोबर कोण हाय?"

"कुणी नाही."

"मग फिरा मागं. वरच्या पायऱ्या शेवाळल्यात. धुक्यात काय दिसत न्हाई."

"तुम्ही जाऊन आलात ना?"

"आमचं वेगळं हाय, काकू."

"काय वेगळं आहे?"

त्यानं हातातली काठी माझ्याकडं दिली आणि बाजूला सरकला.

गडाच्या दरवाज्याच्या अलीकडं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हात थरथरू लागले, तोंडाला कोरड पडली. मी कड्याला पाठ लावून खाली बसले. आली, असं वाटलं. आता इथंच पडणार आणि घरचे सगळे खरे ठरणार. मला भीतीपेक्षा त्याचाच राग आला. डोळे मिटून वाट बघितली. काही झालं नाही. मग पिशवी उघडून दशमी खाल्ली, दुसरी खाल्ली, शेंगाही खाल्ल्या. हळूहळू हात थांबले. भूक लागली होती, थंडी वाजत होती. दोन वर्षं मला साधी भूक लागलेली कुणी ओळखली नव्हती. हात थरथरला की आधी गोळ्यांची पिशवी पुढं यायची, आणि मीही मुकाट्यानं आडवी व्हायचे.

दरवाज्यातून गुहेकडं उतरले. आत काळोख होता आणि पाणी हलत नव्हतं. भिंतीच्या कडेनं लोखंडी कठडा होता. पाण्याजवळ जपून, हे डॉक्टरांचं वाक्य मला आठवत होतं, ते मी विसरले असं म्हणणार नाही. काठीनं खोली बघितली. बूट काढले, कठडा घट्ट धरला आणि आत गेले. पाणी गुडघ्याच्या वर आलं, इतकं गार की पाय आपले वाटेनात. टोकाशी मोबाईलच्या उजेडात पार्श्वनाथ दिसले, डोक्यावर नागाचा फणा. मी णमोकार म्हटला. तब्येतीसाठी काही मागायचं असं सासूबाईंनी शिकवलं होतं. मी काही मागितलं नाही.

माथ्यावर ढगाशिवाय काही दिसलं नाही. तरी सगळीकडं फिरले. उतरताना एकदा घसरले, कोपर सोललं. खाली आल्यावर फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. हे साताऱ्यात गाडी घेऊन थांबले होते.

"कुठं आहेस?"

"नंदगिरीत. उतरले खाली."

"पडलीस?"

"पडले. घसरून."

गाडीत त्यांनी हीटर लावला. कऱ्हाड आल्यावर म्हणाले, "आता झालं ना समाधान?"

"नाही. पुढच्या महिन्यात वर्धनगड."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. घरच्यांना तेवढंच हवं होतं. सासूबाई उशाशी बसून म्हणाल्या, "बघ, सांगितलं होतं." मी म्हटलं, "आत्या, हा पावसाचा ताप आहे. भिजलं की कुणालाही येतो." ताप उतरल्यावर मी कुपवाडला गेले, वर्कशॉपमधल्या माझ्या टेबलावरची धूळ पुसली आणि बसले. ह्यांनी केबिनमधून पाहिलं. म्हणाले, "घरी कुणी सोडायचं तुला?"

"रिक्षा आहेत की," मी म्हटलं आणि वाजणारा फोन उचलला.